सीईटीसह सिस्टिम लायब्ररीचं बिल्ड: शॅडो स्टॅकची खूण कुठे गळते?

अर्धविराम (धागाकर्ता)

एक्स८६-६४ लिनक्ससाठी एक रनटाइम लायब्ररी सीईटीसकट (कंट्रोल-फ्लो एन्फोर्समेंट टेक्नॉलॉजी, म्हणजे प्रोग्रामचा प्रवाह पळवणारे हल्ले अडवणारं प्रोसेसरमधलं संरक्षण) बिल्ड करायची आहे. बहुतेक कोड सीमध्ये आहे. मेमरी कॉपी, कॉन्टेक्स्ट बदलणं, सिस्टिम कॉलची आवरणं अशा नऊ फायली मात्र हाताने लिहिलेल्या असेंब्लीत आहेत. जीसीसी १३, बायनुटिल्स २.४१, जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३९, कर्नल ६.६.

सीफ्लॅग्जमध्ये -एफसीएफ-प्रोटेक्शन=फुल टाकलं. सीची कुठलीही ऑब्जेक्ट फाइल घेऊन ‘रीडएल्फ -एन’ चालवलं की ‘एक्स८६ फीचर: आयबीटी, एसएचएसटीके’ ही ओळ (सीईटीच्या दोन भागांची खूण, एसएचएसटीके म्हणजे शॅडो स्टॅक) व्यवस्थित दिसते. सगळं जोडून झालेल्या .एसओवर (शेअर्ड लायब्ररीवर) तोच आदेश दिला की ओळ गायब. लिंकर चूकही दाखवत नाही आणि इशाराही देत नाही.

विचारायचंय ते असं: खूण नेमकी कुठे जाते? जीलिबसी पण वेगळी बिल्ड करावी लागेल का? आणि संरक्षण प्रत्यक्ष चालू आहे, नुसतं कागदावर नाही, हे कशावरून ओळखायचं?

(फ्लॅगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच मूळ स्पेलिंग.)

सांधेजोड

गळत नाही, लिंकर ती मुद्दाम पुसतो.

.नोट.जीएनयू.प्रॉपर्टी या सेक्शनात ३२ बिटांचा एक शब्द असतो. त्याचं नाव जीएनयू_प्रॉपर्टी_एक्स८६_फीचर_१_अँड. नावातला शेवटचा ‘अँड’ म्हणजेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. बिट ० आयबीटीचा, बिट १ शॅडो स्टॅकचा. जोडायला आलेल्या सगळ्या ऑब्जेक्टांचे हे शब्द लिंकर एकमेकांशी अँड करतो, आणि ज्याच्यात नोटच नाही त्याचा शब्द शून्य धरतो. शंभर फायलींनी हो म्हटलं आणि एकीने तोंड उघडलं नाही, तर निकाल नाही असाच लागतो.

हे आडमुठेपण नाही. शॅडो स्टॅक एकदा चालू झाला की त्या थ्रेडमधल्या प्रत्येक कॉल आणि रेटला (फंक्शनमधून परतण्याच्या सूचनेला) लागू होतो, अमुक फंक्शनला सूट अशी सोय नाही. त्यामुळे एका फायलीबद्दल खात्री नसेल तर सगळ्या लायब्ररीबद्दलच नाही.

गुन्हेगार शोधायला लिंकच्या ओळीत -डब्ल्यूएल,-झेड,सीईटी-रिपोर्ट=वॉर्निंग द्या. मग फायलीच्या नावानिशी ‘मिसिंग आयबीटी अँड एसएचएसटीके प्रॉपर्टीज’ अशा ओळी येतील. सगळ्या मिटल्या की तिथेच ‘वॉर्निंग’चं ‘एरर’ करून टाका, म्हणजे उद्या कुणी नवी असेंब्ली फाइल टाकली तर बिल्ड तिथेच अडेल.

यादीत तुमच्या नऊ फायलींखेरीज सीआरटीआय.ओ किंवा सीआरटीबिगिनएस.ओ दिसली तर दोष तुमच्या कोडचा नाही. पहिली जीलिबसीतून येते, दुसरी जीसीसीतून. ती साखळीच सीईटीविना बिल्ड झालेली असते.

लोहार_८६

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण दोन वेगळ्या गोष्टी ‘सीईटी’ या एकाच नावाखाली फिरतात.

शॅडो स्टॅक: कॉल होताना रिटर्न अ‍ॅड्रेस नेहमीच्या स्टॅकवर जातो आणि त्याची प्रत वेगळ्या, साध्या स्टोअरनं लिहिता न येणाऱ्या पानांवर जाते. रेटच्या वेळी प्रोसेसर दोन्ही ताडून पाहतो. फरक निघाला तर कंट्रोल प्रोटेक्शन एक्सेप्शन, व्हेक्टर २१. आयबीटी (इनडिरेक्ट ब्रँच ट्रॅकिंग): अप्रत्यक्ष कॉल किंवा जेएमपी जिथे उतरेल तिथली पहिली सूचना एन्डबीआर६४ असलीच पाहिजे. तिचे चार बाइट एफ३ ०एफ १ई एफए. जुन्या प्रोसेसरला ती नुसती नोप वाटते, म्हणून एकच बायनरी दोन्हीकडे चालते.

इंटेलने तपशील २०१६ मध्ये जाहीर केला, पण सिलिकॉन आलं ते २०२० च्या टायगर लेकमध्ये. एएमडीच्या झेन ३ पासून शॅडो स्टॅक आहे, पण आयबीटी नाही. कंपायलरकडून -एफसीएफ-प्रोटेक्शन जीसीसी ८ पासून मिळतं. ‘रिटर्न’ म्हणजे फक्त शॅडो स्टॅक, ‘ब्रँच’ म्हणजे फक्त आयबीटी, ‘फुल’ म्हणजे दोन्ही.

बाइटखोर

असेंब्लीच्या फायलींसाठी उपाय सोपा आहे, पण त्यात दोन खड्डे आहेत.

प्रत्येक .एस फायलीच्या वर जीसीसीसोबत येणारी सीईटी.एच हेडर जोडा. तिच्यामुळे फायलीच्या पोटात नोट आपोआप तयार होते आणि _सीईटी_एन्डबीआर हा मॅक्रो मिळतो. बाहेरून किंवा फंक्शन पॉइंटरमधून बोलावलं जाऊ शकेल अशा प्रत्येक लेबलाच्या पहिल्या ओळीवर तो ठेवा. फक्त थेट जेएमपीनं गाठलं जाणाऱ्या आतल्या लेबलांवर ठेवू नका. तिथे तो निरुपयोगी तर आहेच, शिवाय हल्लेखोराला उतरायला एक जागा फुकट मिळते.

पहिला खड्डा: ही हेडर _ _सीईटी_ _ हा मॅक्रो बघून ठरवते. त्याची किंमत -एफसीएफ-प्रोटेक्शनवरून येते, ब्रँचला १, रिटर्नला २, फुलला ३. तुम्ही फ्लॅग सीफ्लॅग्जमध्ये टाकला, पण मेकफाइल असेंब्लीसाठी एएसफ्लॅग्ज किंवा ऑटोमेकचं सीसीएएसफ्लॅग्ज वापरत असेल, तर मॅक्रो तयारच होत नाही. हेडर जोडूनही नोट शून्य. ‘हेडर टाकली तरी जैसे थे’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरा खड्डा: छोट्या एसची .s फाइल. तिच्यावर प्रीप्रोसेसर चालतच नाही, त्यामुळे इन्क्लूड ही तिच्यासाठी कॉमेंटच. नाव मोठ्या एसनं ठेवा आणि थेट ‘एएस’ न वापरता जीसीसीमार्फत चालवा.

नाझममध्ये (वेगळ्या असेंब्लरमध्ये) लिहिलेलं काही असेल तर नोट हाताने मांडावी लागते. एकूण ३२ बाइट, चारचारांचे आठ घास: ४ (नावाची लांबी), १६ (मजकुराची लांबी), ५ (प्रकार), मग जी-एन-यू आणि शून्य, मग हेक्समध्ये सी००००००२, मग ४, मग ३, आणि शेवटी चार बाइट शून्याची भरणी. सेक्शन अलॉक हवा आणि ८ बाइटच्या सीमेवर हवा. शेवटची भरणी विसरली किंवा सीमा ४ ची ठेवली की नोट दिसायला असते, पण वाचणाऱ्याला ती मोडकी वाटते.

प्रश्नचिन्ह

इतका खटाटोप कशाला राव? लिंकरला -झेड एसएचएसटीके आणि -झेड आयबीटी दिलं की खूण जबरदस्तीने लागते. एका ओळीचं काम.

सांधेजोड

लागते खरी. पण त्यानं कोड बदलत नाही, फक्त शिक्का बसतो.

ती खूण म्हणजे लायब्ररीने लोडरला दिलेला शब्द आहे: ‘माझ्यात रिटर्न अ‍ॅड्रेसशी खेळणारं काही नाही.’ लोडर तो तपासत नाही, तपासूही शकत नाही. शब्द खोटा असेल तर आज काही होत नाही, कारण बहुतेक यंत्रांवर शॅडो स्टॅक चालूच नसतो. ज्या दिवशी कुणी तो चालू करेल त्या दिवशी तुमच्या लायब्ररीवर अवलंबून असलेला प्रोग्राम पडेल, आणि तोही अशा जागी की वर्षभरात त्या फायलीला कुणी हात लावलेला नसेल.

शिवाय जबरदस्ती केली की सीईटी-रिपोर्टकडे बघायची गरजच वाटेनाशी होते. खूण लागलेली दिसते, मग कोण खोलात जातो!

एकच प्रामाणिक उपयोग आहे: फायलीत अंमलात येणारा कोड अजिबात नाही, नुसता डेटा आहे आणि ती तुमच्या ताब्यातली नाही. तिथेही आधी सीईटी-रिपोर्टची पूर्ण यादी वाचा, मगच.

जुनाट_कंपायलर

सांधेजोड यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि सीच्या फायलींबद्दलही हेच सांगतो. कंपायलर नोट लावतो ती स्वतः निर्माण केलेल्या कोडच्या भरवशावर. तुमच्या इनलाइन असेंब्लीत काय चाललंय ते तो वाचत नाही. म्हणून हेडर जोडण्याआधी सगळ्या असेंब्लीत पुढचे प्रकार शोधा.

पुश करून रेट. पत्ता स्टॅकवर ठेवायचा आणि रेटनं तिथे उडी मारायची. शॅडो स्टॅकवर तो पत्ता कधी गेलेलाच नसतो, म्हणून पहिल्याच रेटला पडझड. ते बदलून रजिस्टरमधून जेएमपी करा, आणि उतरण्याच्या जागी एन्डबीआर६४.

पॉप करून जेएमपी. हा जास्त फसवा. रिटर्न अ‍ॅड्रेस आरसीएक्समध्ये पॉप करायचा, स्टॅक आवरायचा, आणि जेएमपी *आरसीएक्स. इथे तिथल्या तिथे काहीच होत नाही. शॅडो स्टॅकवर मात्र एक नोंद उरते आणि बोंब उठते ती बोलावणाऱ्याच्या रेटला. म्हणजे दोष एकीकडे, कोसळणं दुसरीकडे. शिवाय कॉलच्या पुढच्या सूचनेवर एन्डबीआर नसतो, त्यामुळे आयबीटीखाली हाच जेएमपी नोट्रॅक (तपासणी टाळणाऱ्या) उपसर्गाविना चालणार नाही. शक्य असेल तर पत्ता जागेवर राहू द्या आणि साधा रेट वापरा. नसेलच शक्य तर इन्कएसएसपीक्यू देऊन शॅडो स्टॅकची एक पायरी सोडवा.

कॉल-पॉप. स्वतःचा पत्ता काढायची जुनी युक्ती. यात एक गंमत आहे: कॉलचं अंतर शून्य असेल, म्हणजे लगेच पुढच्याच सूचनेला कॉल असेल, तर प्रोसेसर शॅडो स्टॅकवर काही ठेवतच नाही. ही सूट मुद्दाम दिलेली आहे. पण मध्ये चार बाइटचा डेटा ठेवून त्याच्यावरून कॉल केला असेल तर सूट नाही. ६४ बिटांत आरआयपी-सापेक्ष एलईए असताना हे ठेवायचं कारणही नाही.

रिटर्न अ‍ॅड्रेस बदलणं. कॉलनंतर आत डेटा कोंबून ‘आरएसपीवरच्या शब्दात ८ मिळव, रेट’ असले प्रकार. इथे दुरुस्ती नाही, पुनर्लेखनच.

स्वतःचं सेटजंप-लाँगजंप. जंप बफरमध्ये एसएसपीचीही (शॅडो स्टॅकच्या पॉइंटरचीही) जागा हवी. सेटजंपमध्ये आरएएक्स शून्य करून आरडीएसएसपीक्यू आरएएक्स चालवा. शॅडो स्टॅक बंद असेल तर ती सूचना नोप ठरते आणि शून्य तसंच राहतं, म्हणजे वेगळी तपासणी नको. लाँगजंपमध्ये आत्ताचा एसएसपी आणि साठवलेला यांतल्या फरकाला ८ नं भागा आणि तितक्या पायऱ्या इन्कएसएसपीक्यूनं सोडवा. ही सूचना रजिस्टरचे फक्त खालचे ८ बिट बघते, एका फटक्यात जास्तीत जास्त २५५. म्हणून लूप लागतो. ३०० पातळ्या खोल गेलेल्या रिकर्शनमधून लूपविना लाँगजंप केलं तर ३०० ऐवजी ४४ पायऱ्या सुटतात आणि पुढचा रेट आपटतो. छोट्या टेस्टमध्ये हे कधीच पकडलं जात नाही. मर्यादा अशी का, तर २५५ गुणिले ८ म्हणजे २०४० बाइट, ४०९६ च्या पानापेक्षा कमी. त्यामुळे संरक्षक पान ओलांडून पलीकडे उडी मारता येत नाही.

याच फंक्शनाचं नाव सेटजंप नसून काही वेगळं असेल तर हेडरमधल्या घोषणेला रिटर्न्स_ट्वाइस हे अ‍ॅट्रिब्यूट द्या. त्यावरून जीसीसी त्या कॉलच्या मागोमाग एन्डबीआर६४ टाकतो. नाहीतर लाँगजंपची अप्रत्यक्ष उडी रिकाम्या जागी उतरेल.

आणि शेवटचं, रेटपोलिन (स्पेक्टर हल्ल्याविरुद्धचा बचाव). -एमइनडिरेक्ट-ब्रँच=थंक ही युक्तीच रिटर्न अ‍ॅड्रेस बदलून रेट करण्याची आहे. शॅडो स्टॅकशी तिचं जन्माचं वाकडं. जुन्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये तो फ्लॅग शिल्लक आहे का ते बघा.

अर्धविराम

अप्रतिम प्रतिसाद, वाचनखूण साठवली. यादी घेऊन बसलो. पॉप-जेएमपी दोन ठिकाणी निघाला, दोन्हीकडे साधा रेट बसला. एएसफ्लॅग्जचा खड्डाही होताच.

आता सीईटी-रिपोर्ट फक्त एकच नाव दाखवतो: टेबल्स.ओ. ती असेंब्लीही नाही आणि सीही नाही. ऑबकॉपीनं एका बायनरी फायलीपासून बनवलेली डेटाची ऑब्जेक्ट आहे. त्यात एकही सूचना नाही, तरी खूण अडते?

सांधेजोड

अडते. लिंकर आत कोड आहे की नाही हे बघत नाही, नोट आहे की नाही एवढंच बघतो.

ऑबकॉपी सोडा. चार ओळींची .एस फाइल करा: वर सीईटी.एच, मग .सेक्शन .रोडेटा, सीमा, सुरुवातीचं लेबल, .इन्कबिन आणि फायलीचं नाव, शेवटचं लेबल. ऑबकॉपी जी _बायनरी_..._स्टार्ट, _एंड अशी नावं देते तीच लेबलांना ठेवलीत तर सीच्या बाजूला हात लावावा लागणार नाही. वर फायदा असा की टेबल थेट वाचनमात्र सेक्शनात जातं, ऑबकॉपी ते मुळात .डेटामध्ये टाकते.

लोहार_८६

आता जीलिबसी. २.२८ पासून, म्हणजे २०१८ पासून, --एनेबल-सीईटी हा कॉन्फिगर पर्याय आहे, पण २.३९ मध्ये त्याचा अर्थ बराच बदलला. लिनक्स ६.६ मध्ये यूजरस्पेस शॅडो स्टॅक अधिकृत आला आणि २.३९ त्या इंटरफेसशी जुळवून घेतलेली पहिली आवृत्ती. त्याआधीच्या आवृत्त्या एका वेगळ्या, कधीच मुख्य कर्नलमध्ये न गेलेल्या इंटरफेसवर बेतलेल्या होत्या. म्हणून जुनी जीलिबसी आणि नवा कर्नल यांतून खूण असलेली बायनरी मिळते, चालू शॅडो स्टॅक मिळत नाही. २.३९ पासून हा पर्याय फक्त एक्स८६-६४ लाच आहे, ३२ बिटांचा मल्टिलिब करत असाल तर त्याच्या कॉन्फिगरमधून काढा.

क्रम असा ठेवा: आधी बायनुटिल्स, मग --एनेबल-सीईटी दिलेली जीसीसी, म्हणजे लिबजीसीसी आणि सीआरटीबिगिन खुणेसकट होतात, मग जीलिबसी. बिल्डची डिरेक्टरी सोर्सच्या बाहेर. प्रीफिक्स वेगळा, चालत्या सिस्टिमच्या जीलिबसीवर ‘मेक इन्स्टॉल’ करायचं धाडस करू नका. तुमचा कंपायलर मुळातच -एफसीएफ-प्रोटेक्शन धरून चालत असेल, उबुंटूचा तसाच असतो, तर पर्याय न देताही कॉन्फिगर सीईटी चालू धरतो. नको असेल तेव्हा --डिसेबल-सीईटी स्पष्ट लिहावं लागतं, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. ‘मेक चेक’मध्ये चेक-सीईटी नावाची चाचणी आहे, ती बनलेल्या प्रत्येक .एसओच्या नोटा वाचते. ती नापास झाली तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आणि मुख्य गोष्ट: एवढं सगळं करूनही २.३९ शॅडो स्टॅक आपणहून चालू करत नाही. प्रोग्राम सुरू करताना जीलिबसी_ट्यूनेबल्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जीलिबसी.सीपीयू.एचडब्ल्यूकॅप्स=एसएचएसटीके द्यावं लागतं. कर्नलही बायनरीतली खूण वाचत नाही. डायनॅमिक लोडर मुख्य प्रोग्राम आणि त्याच्या सगळ्या लायब्ररींच्या खुणा बघतो, सगळीकडे हो असेल तर आर्च_पीआरसीटीएलनं चालू करतो आणि कुलूप घालतो.

प्रश्नचिन्ह

आणि मागाहून डीएलओपननं (चालू प्रोग्राममध्ये लायब्ररी उघडणाऱ्या फंक्शननं) उघडलेल्या प्लगिनला खूण नसेल तर? लोडर तर सुरुवातीलाच ठरवून मोकळा झालेला असतो.

लोहार_८६

चांगला प्रश्न. साध्या --एनेबल-सीईटीखाली डीएलओपनच अयशस्वी होतं, ‘रीबिल्ड शेअर्ड ऑब्जेक्ट विथ एसएचएसटीके सपोर्ट एनेबल्ड’ असा मजकूर डीएलएररमध्ये मिळतो. --एनेबल-सीईटी=परमिसिव्ह दिलं, किंवा चालवताना जीलिबसी.सीपीयू.एक्स८६_एसएचएसटीके=परमिसिव्ह दिलं, तर अशा वेळी शॅडो स्टॅक बंद करून प्लगिन उघडलं जातं.

परमिसिव्ह ऐकायला गोड वाटतं. पण चालू-बंद करणं हे थ्रेडगणिक असतं. एका थ्रेडनं स्वतःचा बंद केला तरी आधीच सुरू असलेल्या बाकीच्यांचा चालूच राहतो, आणि ते प्लगिन त्यांच्यातल्या कुणाच्याही हाती लागू शकतं. म्हणून प्लगिन उघडणाऱ्या बहुथ्रेडी प्रोग्रामसाठी परमिसिव्हच्या भरवशावर राहू नका, प्लगिन खुणेसकट बिल्ड करा. याच ट्यूनेबलला ‘ऑन’ दिलं तर खुणा न बघताच शॅडो स्टॅक चालू होतो. चाचणीसाठी उत्तम, वापरात आत्मघातकी.

बाइटखोर

चालू आहे हे कशावरून ओळखायचं, तो प्रश्न राहिला.

आधी यंत्र. /प्रॉक/सीपीयूइन्फोच्या फ्लॅग्जमध्ये यूजर_एसएचएसटीके हवं. नसेल तर तीन कारणं: प्रोसेसरच जुना, कर्नल कॉन्फिग_एक्स८६_यूजर_शॅडो_स्टॅकविना बिल्ड केलेला, किंवा बूटच्या ओळीत नोयूजरएसएचएसटीके. व्हर्च्युअल मशिनमध्ये हायपरवायझरनं तो बिट आत दाखवला नाही तरी हेच दिसतं. मूळ हार्डवेअरचा बिट बघायचा तर सीपीयूआयडी लीफ ७, सबलीफ ०: ईसीएक्सचा बिट ७ शॅडो स्टॅकचा, ईडीएक्सचा बिट २० आयबीटीचा.

मग प्रोसेस. चालू असताना /प्रॉक/पीआयडी/स्टेटसमध्ये एक्स८६_थ्रेड_फीचर्स ही ओळ बघा. तिथे एसएचएसटीके लिहिलेलं असेल तरच चालू. शेजारच्या ..._लॉक्ड ओळीत कुलूप दिसतं. /प्रॉक/पीआयडी/एसमॅप्समध्ये व्हीएमफ्लॅग्जच्या ओळीत ‘एसएस’ असलेला तुकडा म्हणजे प्रत्यक्ष शॅडो स्टॅक. स्टॅटिक बायनरी असेल तरी हीच तपासणी.

पडझड झाली तर सिग्नल सेगफॉल्टचाच येतो, पण एसआय_कोड १० असतो, सेग्व्ही_सीपीईआरआर. डीमेसेजमध्ये ‘कंट्रोल प्रोटेक्शन’ची ओळ येते, त्यात आयपी, एसपी, एसएसपी आणि शेवटी एरर. १ म्हणजे निअर रेट, जुनाट_कंपायलर यांच्या यादीतलं काहीतरी. ३ म्हणजे एन्डब्रँच, उतरायच्या जागी एन्डबीआर नाही. ४ म्हणजे आरस्टोरएसएसपी (दुसऱ्या शॅडो स्टॅकवर जाण्याची सूचना), टोकन चुकलं. १ असेल तर आयपीच्या फंक्शनाकडे टक लावून बसू नका. तिथला रेट निर्दोष असू शकतो, दोष त्यानं बोलावलेल्या आणि आधीच परतलेल्या फंक्शनात शोधा.

जुनाट_कंपायलर

धागाकर्त्यानं ‘कॉन्टेक्स्ट बदलणं’ असं लिहिलंय म्हणून हे टोकनचं प्रकरण जरा उलगडतो. नुसता आरएसपी बदलून कोरुटीन (मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारं फंक्शन) बदलणारा कोड शॅडो स्टॅकखाली पहिल्याच बदलाला पडणार.

नव्या कोरुटीनला स्वतःचा शॅडो स्टॅक लागतो. तो एमएमॅपनं मिळत नाही. मॅप_शॅडो_स्टॅक हा सिस्टिम कॉल, क्रमांक ४५३, पत्ता ०, आकार, आणि फ्लॅग शॅडो_स्टॅक_सेट_टोकन म्हणजे १. कर्नल तुकड्याच्या वरच्या टोकाला, शेवटच्या आठ बाइटांत, एक टोकन लिहून देतो. आकार किती? प्रत्येक कॉलला इथे फक्त ८ बाइट खर्च होतात, म्हणून नेहमीच्या स्टॅकच्या छोट्या हिश्शात भागतं. मुख्य थ्रेडसाठी कर्नल स्टॅकची मर्यादा किंवा ४ जीबी यांतलं जे कमी ते धरतो, पण शेकडो कोरुटीन असतील तर तेवढी उधळपट्टी नको.

बदलण्याचा क्रम: आरडीएसएसपीक्यूनं जुना एसएसपी वाचून जुन्या कॉन्टेक्स्टमध्ये ठेवा. आरस्टोरएसएसपीला नव्या टोकनचा पत्ता द्या. त्याच्या लगेच मागे, मध्ये काहीही न घालता, सेव्हप्रिव्हएसएसपी. ती जुन्या स्टॅकवर परतीचं टोकन ठेवते. मग आरएसपी बदला. परत येताना जुनं टोकन सापडतं ते साठवलेल्या एसएसपीच्या ८ बाइट खाली. इथे ८ वजा करायचं राहिलं की एरर ४.

टोकन एकदाच चालतं. एकाच कॉन्टेक्स्टमध्ये दोनदा शिरू पाहणारा कोड इथे आपटतो, आणि खरं तर तो आधीही चुकीचाच होता.

सिगऑल्टस्टॅकवर हँडलर चालवत असाल तर लक्षात घ्या, सिग्नलला पर्यायी शॅडो स्टॅक मिळत नाही. हँडलरचे कॉल त्याच चालू शॅडो स्टॅकवर जातात. तो अगदी बेताचा घेतलात तर गाठ हँडलरमध्ये पडेल.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. इन्कबिननंतर सीईटी-रिपोर्ट स्वच्छ, .एसओवर दोन्ही खुणा आल्या, स्टेटसमध्ये एसएचएसटीके दिसतंय. कोरुटीनच्या फायलीत टोकनचा क्रम घातला, चाचण्या पास.

आयबीटीची खूणही लागली आहे, पण थ्रेड फीचर्समध्ये तिचं नावच नाही. काही राहिलं का?

लोहार_८६

काही राहिलं नाही. यूजरस्पेससाठी आयबीटी मुख्य लिनक्समध्ये नाहीच. ५.१८ मध्ये आला तो कर्नलच्या स्वतःच्या कोडसाठी. तुमच्या लायब्ररीतले एन्डबीआर६४ सध्या नुसते चार-चार बाइटचे नोप आहेत.

बाइटखोर

म्हणूनच आयबीटीची खूण जास्त संशयानं बघा. शॅडो स्टॅकची चूक चालवल्यावर दिसते, राहिलेला एन्डबीआर आज कुठेच दिसत नाही. पकडायचा असेल तर इंटेलचा एसडीई हा एम्युलेटर सीईटीसकट चालतो, हार्डवेअर नसलं तरी. संथ आहे, म्हणून सगळा टेस्ट सूट नको. फंक्शन पॉइंटर, आयफंक (चालवताना निवडलं जाणारं फंक्शन) आणि कॉलबॅकच्या चाचण्या त्याच्याखाली एकदा काढा.

ऑबडम्पमध्ये दोन गोष्टी बघून दचकू नका. पीएलटीचे (बाहेरच्या फंक्शनांकडे नेणाऱ्या उड्यांच्या तक्त्याचे) दोन भाग झालेले दिसतील, नवा .पीएलटी.सेक, तो आयबीटीसाठीच. आणि मोठ्या स्विचच्या जागी नोट्रॅक जेएमपी दिसेल. जंप टेबल वाचनमात्र असतं म्हणून जीसीसी तिथे तपासणी सोडतो. तीही नको असेल तर -एमसीईटी-स्विच, मग प्रत्येक केसला एन्डबीआर लागतो आणि कोड फुगतो. किंवा सरळ -एफनो-जंप-टेबल्स.

प्रश्नचिन्ह

हेच सगळं आर्म६४ वर?

सांधेजोड

तिथे -एमब्रँच-प्रोटेक्शन=स्टँडर्ड, म्हणजे पॅक (रिटर्न अ‍ॅड्रेसवर सही) आणि बीटीआय (आयबीटीसारखंच). नोटेचा प्रकार तोच, शब्दाचा क्रमांक सी००००००२ ऐवजी सी०००००००, आणि अँडचा नियमही तोच. सीईटी.एच मात्र तिथे नाही, असेंब्लीतली नोट हाताने लिहावी लागते आणि एन्डबीआरच्या जागी बीटीआय सी. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मिसळलं की पुढच्याला कुठला फ्लॅग कुठल्या प्रोसेसरचा ते कळणार नाही.